खडू, डिझेल आणि चासीतला तडा

"मास्तर, खडू आहे का तुझ्याकडे?"

2023 च्या मे महिन्यातली गोष्ट. आमच्या अंगणात फणसाखाली धाकट्या भावाची जुनी पिकअप उभी होती. पुढची दोन्ही चाकं काढलेली, चासी लाकडी ओंडक्यांवर टेकवलेली. तिच्याखाली गोणपाटावर आडवे झालेले माझे मामू आतूनच खडू मागत होते. मामूंचं वय तेव्हा 68. शिक्षकाच्या घरी खडू असतोच, असं सगळ्यांना वाटतं. माझ्याकडे खरंच होता, सुट्टी लागली तरी शाळेची पिशवी रिकामी केलेली नव्हती.

मामूंनी दगडावर खडूची पूड केली. चासीच्या ज्या भागावर स्टेअरिंग बॉक्स बोल्टांनी बसतो, तो भाग त्यांनी आधीच तारेच्या ब्रशने घासून उघडा केला होता आणि त्यावर फडक्याने डिझेल फिरवून ठेवलं होतं. रॉकेल चांगलं, पण हल्ली रॉकेल मिळतं कुठे? पंधरा मिनिटांनी डिझेल कोरडं पुसलं, वर पूड फुंकली आणि हातोडीने दोनचार हलके ठोके दिले. पांढऱ्या पुडीवर हळूहळू एक ओली, काळपट रेघ उमटली. बोल्टाच्या भोकापासून निघालेली, वरच्या कोपऱ्याकडे चढलेली, चार बोटं लांब. सहा महिन्यांपूर्वी रस्त्यावरच्या एका वेल्डरने लावलेल्या डागाच्या अगदी कडेने दुसरी, आखूड रेघ.

"बाल आला," मामू म्हणाले.

मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो, त्यामुळे अशा शब्दांना अडखळतो. काचेच्या भांड्याला केसाएवढी चीर गेली की उर्दूत 'बाल पडला' म्हणतात. ते लोखंडासाठी वापरलेलं मी पहिल्यांदाच ऐकत होतो. हा शब्द मामूंनी घरून नेलेला नव्हता. तो त्यांना दम्मामच्या गॅरेजमध्ये एका पेशावरी उस्तादाने दिला होता. खडूची युक्तीही त्याच उस्तादाची. ती त्या उस्तादाकडे कुठून आली, याचा शोध मी नंतर घेतला, आणि तिथून हा लेख सुरू झाला.

ही युक्ती रेल्वेची आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रेल्वेच्या कारखान्यांत डब्यांचे आस आणि इंजिनांचे भाग तेलात भिजवून, पुसून, त्यावर खडूचा लेप देऊन तपासले जात. चीर डोळ्यांना दिसत नाही, पण तिच्यात शिरलेलं तेल पांढऱ्या लेपावर परत बाहेर येतं. आज विमानांच्या भागांवर लाल रंग आणि पांढरी पावडर मारून जी तपासणी करतात, ती याच युक्तीची शिकलेली नात.

रेल्वेला तडे शोधण्याची गरज का पडली, याची कहाणी दुःखाची आहे. 8 मे 1842 रोजी व्हर्सायहून पॅरिसकडे परतणाऱ्या गर्दीच्या गाडीच्या इंजिनाचा आस तुटला. राजाच्या सन्मानार्थ झालेला उत्सव पाहून लोक घरी निघाले होते. मागचे डबे इंजिनावर चढले, आग लागली, आणि डब्यांची दारं बाहेरून कुलूपबंद होती. पन्नासहून अधिक माणसं गेली. इंजिनिअर चक्रावले, कारण आस बारीक नव्हता, त्याच्यावर नेहमीपेक्षा जास्त ओझंही नव्हतं. त्याच आसाने आदल्या दिवसापर्यंत तेवढाच भार वाहिला होता. पुढे बरीच वर्षं एक समजूत चालली की हादऱ्यांनी लोखंडाचे आतून स्फटिक होतात आणि ते ठिसूळ बनतं.

प्रशियाच्या रेल्वेतला ऑगस्ट वोलर नावाचा इंजिनिअर या प्रश्नाच्या मागे लागला. त्याने आस फिरवत ठेवणारी यंत्रं बनवली आणि तेच वजन हजारो, लाखो वेळा देऊन पाहिलं. 1870 पर्यंत त्याचे निष्कर्ष छापून आले. जे ओझं लोखंड एकदा सहज पेलतं, तेच ओझं उलटसुलट लाखो वेळा दिलं तर त्याला तोडू शकतं. ओझं किती आहे याइतकंच ते किती वेळा येतं आणि जातं, हे महत्त्वाचं. इंग्रजीत याला थकवा म्हणतात, आपल्याकडचे मिस्त्रीही 'लोखंड थकलं' असंच म्हणतात.

आता आमच्या पिकअपकडे येतो. गाडी कोणत्या कंपनीची ते सांगण्याची गरज नाही, कारण चूक कंपनीची नव्हती. चूक आमची होती.

गाडी घेतली तेव्हा तिला साधं, हाताच्या जोराचं स्टेअरिंग होतं. भाऊ तिच्यातून आंबे, मासळीचे बर्फाचे खोके आणि पावसाळा संपला की चिरे वाहतो. एक चिरा तीसेक किलोचा. 70 चिरे चढवले की दोन टनांच्या वर जातं, आणि गाडीच्या कागदावर सव्वा टन लिहिलेलं आहे. मागे टायर दबू लागले म्हणून त्याने चारही चाकांना रुंद टायर घातले. रुंद टायरांनी स्टेअरिंग जड झालं, म्हणून कुर्ल्याच्या भंगार बाजारातून दुसऱ्या गाडीचा पॉवर स्टेअरिंगचा बॉक्स आणि पंप आणून बसवला. एका बोटाने चाक फिरू लागलं. सगळ्यांनी भावाचं कौतुक केलं, मीही केलं.

या सोयीलाही इतिहास आहे, आणि तडा समजण्यासाठी तो थोडा माहीत हवा. वळताना पुढची दोन चाकं वेगवेगळ्या कोनात वळली पाहिजेत, ही कल्पना म्युनिकच्या लांकेनस्पर्गर या बग्गी बनवणाऱ्याची. 1818 मध्ये लंडनमध्ये तिचं पेटंट त्याचा प्रतिनिधी रुडोल्फ आकरमान याने घेतलं आणि नाव आकरमानचंच राहिलं. (उस्ताद कोण आणि नाव कुणाचं, हा प्रकार जुनाच.) मोटारी जड होत गेल्या तसा चालकाचा जोर वाढवणारा दात्यांचा डबा, म्हणजे स्टेअरिंग बॉक्स, आला. 1940 च्या सुमारास त्यात फिरत्या गोळ्यांची रचना आली आणि चाक आणखी हलकं झालं. फ्रान्सिस डेव्हिसने 1926 मध्येच तेलाच्या दाबावर चालणारं स्टेअरिंग करून दाखवलं होतं, पण विकायच्या मोटारीत ते यायला 1951 उजाडलं. क्रायस्लरच्या इम्पीरियलमध्ये ते प्रथम मिळू लागलं.

प्रत्येक टप्प्यावर चालकाचे हात सुटले. पण जोर नाहीसा होत नाही, तो दुसरीकडे जातो. बॉक्समधून खाली एक दांडा लोंबतो, त्याला गॅरेजमध्ये ड्रॉप आर्म म्हणतात. तो पुढे एका लांब दांड्याने चाकांना ढकलतो किंवा ओढतो. चाकांना ढकलताना तेवढाच जोर उलट दिशेने बॉक्सवर येतो, आणि बॉक्सला धरून ठेवणारे असतात फक्त तीनचार बोल्ट आणि त्यांच्यामागचा चासीचा पत्रा. खड्ड्यात चाक आपटलं की तोच धक्का उलटा येतो. साध्या स्टेअरिंगमध्ये त्याची खबर चालकाच्या मनगटाला लागते आणि तो सावध होतो. तेलाच्या दाबात ती मनगटापर्यंत नीट पोचत नाही. शिवाय पॉवर स्टेअरिंग आल्यापासून माणसं उभ्या गाडीत चाक पिळायला शिकली. चिऱ्याच्या खाणीत भरलेली गाडी जागच्या जागी वळवताना माझा पुतण्या तेच करायचा, दिवसातून दहा वेळा. रुंद टायर जमिनीला घट्ट धरून, पंप पूर्ण जोर लावतोय, आणि मध्ये तो पत्रा.

चासीचा आडवा छेद इंग्रजी सी अक्षरासारखा असतो, एक बाजू उघडी. असा पत्रा सरळ ओझं चांगलं पेलतो, पण पिळला की लगेच मान टाकतो. बोल्टाभोवतीचा भाग आत-बाहेर होतो, रिकाम्या पत्र्याच्या डब्याचं झाकण अंगठ्याने दाबल्यावर होतं तसा. वोलरच्या आसाला जसे लाखो फेरे, तसे याला लाखो दाब. आणि भोकाच्या कडेला ताण एकवटतो, म्हणून चीर तिथूनच निघते.

अमेरिकेत याचं प्रसिद्ध उदाहरण आहे. 1973 ते 1987 या काळातल्या शेवरले आणि जीएमसीच्या फोर-व्हील ड्राइव्ह पिकअप. या गाड्या तिथे आजही हौसेने जपल्या जातात, आणि मालक त्यांना मोठाले टायर घालतात. स्टेअरिंग बॉक्सपाशी त्यांच्या चासीला तडा जाणं तिथल्या मिस्त्र्यांना इतकं सवयीचं आहे की त्या जागेसाठी कापून तयार केलेल्या जाड पट्ट्या विकत मिळतात. याच जातीच्या गाड्या आखातातही भरपूर गेल्या. तिथे वाळूत टायर रुतलेले असताना चाक पिळलं जायचं. तेव्हा दम्मामच्या गॅरेजमध्ये मामूंच्या डोळ्यांपुढे हा तडा किती वेळा आला असेल, याचा अंदाज करा.

मामू 1978 मध्ये गेले. त्यांच्या आधीची पिढी बोटीवर खलाशी होती, त्यामुळे घरातला पुरुष पाण्यापलीकडे असणं आमच्या गावांना नवं नव्हतं. 1973 च्या ऑक्टोबरात युद्ध झालं, अरब देशांनी तेल रोखलं, आणि तीन डॉलरच्या आसपास असलेला पिंपाचा भाव काही महिन्यांत अकराच्या वर गेला. त्या पैशातून रस्ते, बंदरं, शहरं उभी राहू लागली आणि म्हसळा, श्रीवर्धन, महाड, चिपळूणकडची पोरं मुंबईत एजंटांच्या दारात उभी राहिली. परदेशी मजुरीला जाण्यासाठीचा कायदा तेव्हा इंग्रजांच्या 1922 सालचाच होता, नवा आला 1983 मध्ये. मामूंची मुंबईत ट्रेड टेस्ट झाली. दोन लोखंडी पट्ट्या जोडायच्या, परीक्षक त्या शिकंज्यात धरून वाकवणार, जोड तुटला तर घरी परत. पहिल्यांदा त्यांचा जोड तुटला होता. हे त्यांनी मला या मे महिन्यात, गाडीखाली झोपून, पंचेचाळीस वर्षांनी सांगितलं.

आमच्याकडे आखाताचा इतिहास म्हणजे टू-इन-वन, घोंगडीएवढे जाड ब्लँकेट, अत्तर, ड्राफ्ट आणि संगमरवरी ओटा. कथांतून, लग्नाच्या गप्पांतून, अगदी आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनातल्या नाटुकल्यांतूनही हेच येतं. तिथून कारागिरीही परत आली, याची नोंद मला कुठे सापडली नाही. मामू 1996 मध्ये परतले तेव्हा सगळ्यांनी बॅगा मोजल्या. त्यांना काय येतं, हे कुणी विचारलं नाही, मीसुद्धा नाही. मी तेव्हा शिकत होतो, आणि 'शिकलेला' या शब्दाचा अर्थ मला फार अरुंद माहीत होता.

'पंक्चरवाले' हा टोमणा आता वाचकांना समजावून सांगायला नको. 2006 च्या सच्चर समितीच्या अहवालात ज्या व्यवसायांत मुस्लिम कामगारांचं प्रमाण जास्त दिसतं त्यांत वाहनदुरुस्तीही आहे, म्हणजे टोमण्यामागे एक वस्तुस्थिती आहेच. त्यावर आपल्यातले सुशिक्षित लोक दोन प्रकारे उत्तर देतात. एक, आपल्यातून झालेल्या डॉक्टर-कलेक्टरांची यादी वाचून दाखवणं. दुसरं, गप्प बसणं. मी दोन्ही केलेलं आहे. पण त्या दोन्हींत गॅरेज ही लाजेची जागा आहे हे मान्य करूनच बोलणं सुरू होतं. फणसाखालच्या त्या दोन दिवसांनी माझी ही सवय मोडली, ती कशी ते कामच सांगेल.

मामूंनी आधी इंजिन चालू ठेवायला लावून पुतण्याला चाक डावी-उजवीकडे फिरवायला सांगितलं होतं आणि मला टॉर्च धरून खाली बघायला लावलं होतं. चाक फिरलं की आधी बॉक्स चासीवर मान हलवल्यासारखा हलायचा, मग ड्रॉप आर्म. घोणसे घाटात 'गाडी ऐकत नाही' म्हणून पुतण्या जे सांगत होता, ते हेच. त्याचं वय 19. त्या घाटात उतारावर गाडीने न ऐकणं म्हणजे काय, हे तिकडून जाणाऱ्यांना कळेल. माझ्या हातातला टॉर्च थरथरत होता, मामूंनी तो काढून घेतला.

मग त्यांनी बॉक्स उतरवला. कास्ट लोखंडाचा बॉक्स जागेवर ठेवून आसपास वेल्डिंग करू नये, आतली रबरी सीलं जळतात. बॅटरीच्या वायरी सोडल्या, जवळून जाणारी ब्रेकची नळी बाजूला बांधली. मग खडूने दाखवलेल्या दोन्ही रेघांच्या टोकाला, टोकाच्या किंचित पुढे, सहा मिलिमीटरचं भोक पाडलं.

इथे मी शिक्षकासारखा प्रश्न विचारला: तडा बुजवायचा असताना भोक कशाला?

"टोक धारदार असतं म्हणून तो पळतो. धार मोडली की थांबतो."

याचं गणित इंग्लिस नावाच्या केंब्रिजच्या प्राध्यापकाने 1913 मध्ये मांडलं: चिरेचं टोक जितकं अणकुचीदार, तितका तिथला ताण अधिक. 1920 मध्ये ग्रिफिथने चीर कधी धावते आणि कधी गप्प राहते, याचा हिशेब दिला. मामूंना ही नावं माहीत नाहीत. मलाही नव्हती.

भोकानंतर ग्राइंडरने चिरेच्या दोन्ही बाजू उतरत्या करून खोल खाच केली, जुना डाग पूर्ण काढून टाकला. त्या वेल्डरने चिरेवर वरून साय धरावी तसं वेल्डिंग धरलं होतं, चीर खाली जिवंतच होती. आता मुळापासून भरायचं. रॉड 7018 नंबरचे. ते दमट चालत नाहीत, म्हणून आमच्या घरच्या पावभाजीच्या तव्यावर तापवले. खरं तर त्यांना भट्टी लागते, असं मामू दोनदा म्हणाले. दीड इंच भरायचं, थांबायचं, थंड होऊ द्यायचं. पुतण्या घाईने पाण्याची बादली घेऊन आला तेव्हा त्याला ओरडा बसला, तापलेल्या जोडावर पाणी टाकलं की तो ठिसूळ होतो.

दुसऱ्या दिवशी पट्टी. पाच मिलिमीटर जाडीची, बॉक्सच्या जागेपेक्षा दोन्हीकडे वीतभर लांब. मी चौकोन आखला होता, मामूंनी तो पुसून टोकं निमुळती, माशासारखी आखली आणि सगळे कोपरे गोल केले. चासीच्या उभ्या दिशेने सरळ वेल्डिंगची रेघ मारायची नाही, असं बजावलं. तशी रेघ मारली की पट्टीच्या कडेला नवा तडा जातो. जिथे जाड आणि पातळ एकदम भेटतात, तिथे पुन्हा ताण एकवटतो.

हाच धडा अमेरिकेने दुसऱ्या महायुद्धात जहाजं बुडवून घेतला. घाईघाईने बांधलेली वेल्डिंगची जहाजं तडकू लागली. 16 जानेवारी 1943 रोजी स्केनेक्टडी हे नवंकोरं तेलवाहू जहाज पोर्टलंडच्या धक्क्याला उभ्या-उभ्या दुभंगलं. रिव्हेटच्या जहाजात तडा एका पत्र्याच्या काठाशी येऊन थांबायचा. वेल्डिंगने सगळे पत्रे एक झाले, तसा तो एकातून दुसऱ्यात सरळ धावू लागला. थंडीत ते पोलाद ठिसूळ व्हायचं. लिबर्टी जहाजांच्या डेकवरच्या झडपांचे चौकोनी कोपरे ही तडे सुरू होण्याची एक ठरलेली जागा निघाली. मग कोपरे गोल केले गेले, तडा अडवणाऱ्या पट्ट्या रिव्हेटने बसवल्या गेल्या.

मामूंनी चासीची उघडी बाजूही त्या भागापुरती पत्र्याने बंद केली. सी चा डबा झाला की पिळण्याला तो कितीतरी पटींनी दाद देत नाही. पण डबा झाला की नवी अडचण येते: बोल्ट आवळले की पोकळ डबा चेपतो. म्हणून प्रत्येक बोल्टासाठी आरपार जाड नळीचा तुकडा घालून वेल्ड केला, बोल्ट त्या नळीतून जाणार. बॉक्सच्या समोर, डाव्या चासीपर्यंत एक आडवा पाइप टाकला, म्हणजे उजवीकडचा जोर एकट्या उजव्या पत्र्यावर राहणार नाही. बोल्ट नवे, 10.9 दर्जाचे. जुने बोल्ट भावाने पुसून ठेवले होते, ते मामूंनी स्वतः विहिरीमागच्या खड्ड्यात फेकले.

भांडण मात्र संध्याकाळी झालं. मामू म्हणाले, काम पक्कं आहे, पण रुंद टायर काढा, उभ्या गाडीत चाक पिळू नका आणि 40 च्या वर चिरे चढवू नका, नाहीतर मी किल्ली देत नाही. भाऊ म्हणाला, 40 चिऱ्यांत डिझेलही सुटत नाही, हप्ता कोण भरणार, तुम्ही? मामू गप्प बसले. भावाचा हिशेब चुकीचा नव्हता, मी तो वहीत मांडून पाहिला आहे. खाणवाला फेरीचे पैसे देतो आणि फेरी मोजतो चिऱ्यांवर. शेवटी टायर बदलले, चिऱ्यांचा आकडा 50 वर ठरला, आणि दोघेही नाराज राहिले.

पुतण्याला मामूंनी वेल्डिंगचा चष्मा देऊ केला. त्याने तो हसून बाजूला ठेवला. त्याला दुबईत हॉटेलच्या कामाला जायचंय, अर्ज झालेला आहे. मामूंचा उजवा डोळा आता अंधूक झाला आहे. दुसऱ्या दिवशीचा शेवटचा जोड त्यांनी डोळ्यांपेक्षा आवाजावर मारला, रॉडचा चरचराट एकसारखा आहे का ते ऐकत. माझ्या वहीत त्या दोन दिवसांची सात पानं आहेत, रॉडच्या नंबरापासून भोकाच्या मापापर्यंत. अर्धी उर्दूत, अर्धी मराठीत, कारण ते जसं बोलत गेले तसं लिहीत गेलो.

500 किलोमीटर झाल्यावर तपासायचं, असं त्यांनी बजावलं होतं. शाळा उघडल्यानंतरच्या पहिल्या रविवारी पाऊस थांबलेला पाहून मीच गाडीखाली गेलो. बोल्ट पान्याने तपासले, डिझेल फिरवलं, पंधरा मिनिटं थांबलो, पुसलं, खडूची पूड फुंकली आणि हातोडीने ठोके दिले. मामू ओटीवर खुर्चीत बसून होते.

"काय दिसतं?"

"पांढरं," मी म्हणालो.

"अजून पाच मिनिटं थांब."